कीर्द माझी, उतारा बँकेचा

हिशेब मला कुणी शिकवायला नको. कराडातल्या एका पतसंस्थेत माझी सगळी नोकरी हिशेब विभागात गेली. संध्याकाळी कीर्दीची शिल्लक आणि तिजोरीतली रोकड जुळली नाही, तर मॅनेजरसकट कुणी घरी जात नसे. चार आण्यांसाठी आम्ही रात्री नऊपर्यंत व्हाउचरं उलटीसुलटी केलेली आहेत. त्यामुळे निवृत्तीनंतर घरखर्चाचं ॲप स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं डोक्यात आलं तेव्हा मला त्यात फार काही अवघड दिसलं नाही. जमाखर्च येतोच, राहिला सर्व्हर, तो शिकून घेऊ.

याचं मूळ ह्यांच्या फोनमध्ये होतं. ह्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून खर्च मोजणारं एक फुकट ॲप घेतलं होतं. ते बँकेचे एसएमएस वाचायचं आणि महिनाअखेरीला रंगीत चकती दाखवायचं: किराणा इतका, औषधं इतकी, पेट्रोल इतकं. मला ते आवडलंही होतं. मग एके दिवशी त्याच चकतीखाली 'खास तुमच्यासाठी' मंजूर झालेलं तीन लाखांचं कर्ज उगवलं आणि पाठोपाठ फोनवर फोन सुरू झाले. आम्ही पतसंस्थेत कर्ज देताना दोन जामीनदार आणि पगाराचा दाखला मागायचो. इथे सत्तरीकडे झुकलेला निवृत्त शिक्षक नुसता रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन कर्जाला पात्र ठरत होता.

आता खरं सांगायचं तर आमच्या खात्यात लपवण्यासारखं काही नाही. ज्यांच्यापासून लपवावं, त्यांना ते आधीच ठाऊक असतं. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर २०२१ पासून एआयएस नावाचं वार्षिक माहितीपत्रक दिसतं. त्यात माझ्या ठेवींचं व्याज मी बेरीज करायच्या आधी येऊन बसलेलं असतं. तेव्हा गुप्ततेचा मोठा झेंडा मला फडकवायचा नव्हता. घरची वही घरात असावी आणि ती वाचून कुणी आपल्याला गिऱ्हाईक करू नये, एवढंच म्हणणं. शिवाय दुसऱ्याच्या जागेत ठेवलेली वही तो कधी बंद करेल याचा नेम नाही. अमेरिकेत 'मिंट' नावाचं खर्चाचं ॲप २००७ पासून चालू होतं, लाखो लोक वापरत होते. इन्ट्युट कंपनीने ते मार्च २०२४ मध्ये बंद करून टाकलं.

मग साधी लाल वहीच का नाही? कारण आमच्या घरात खर्च करणारे हात दोन आणि लिहिणारा एक. हे सकाळी मंडईत जातात, दहा ठिकाणी क्यूआर स्कॅन करतात आणि घरी आल्यावर "काहीतरी शंभर-सव्वाशे झाले असतील" म्हणतात. 'काहीतरी' या सदराखाली खतावणी होत नाही. संगणकावरचं ग्नूकॅश मी आधी पाहिलं. १९९८ सालापासूनचा मोफत प्रोग्रॅम, अस्सल दुहेरी नोंद, जमा आणि नावे दोन्ही बाजू डोळ्यांसमोर. मन तिथेच रमलं असतं. पण ती फाइल एका वेळी एकाने उघडायची आणि संगणकाशी बसून लिहायची. मला ह्यांच्याकडून मंडईत, पिशवी खाली ठेवायच्या आत नोंद हवी होती. म्हणजे दोन फोन, एक वही, आणि ती वही घरातल्या एखाद्या यंत्रात.

भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला फोन लावला.

"मावशी, तू ॲक्च्युअल बजेट घे. डॉकरवर पाच मिनिटांत उभं राहतं."

"डॉकर म्हणजे?"

"तू आधी लिनक्स टाक, मग सांगतो."

संगणकवाल्यांची पाच मिनिटं आणि आपली पाच मिनिटं वेगळी असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण ॲपची हकीकत ऐकून ते मला बरं वाटलं. जेम्स लाँग नावाच्या एका प्रोग्रॅमरने ते बनवलं, काही वर्षं वर्गणी घेऊन चालवलं आणि २०२२ साली सगळा कोड खुला करून लोकांच्या हवाली केला. आता स्वयंसेवक ते सांभाळतात. कर्त्याने हात काढून घेतल्यावरही चालू राहिलेली गोष्ट मला विश्वासाची वाटते.

यंत्र म्हणून मुलीचा कॉलेजातला लॅपटॉप निघाला. माळ्यावर पडून होता, स्क्रीनच्या कोपऱ्यात तडा, पण चालू होता. भाच्याच्या मते सर्व्हरला लॅपटॉप उत्तम, कारण वीज गेली तरी बॅटरी तासभर तग धरते. त्याला पंधरा वॅट लागतात असं धरलं तर महिन्याला अकराएक युनिट होतात. तेवढा खर्च मी 'वीज' सदरात आधीच मांडून ठेवला.

लिनक्सचा जो प्रकार टाकला त्याचं नाव डेबियन. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक तो फुकट बनवतात आणि त्याच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या सिनेमातल्या पात्रांची नावं देतात. माझ्या वाट्याला 'बुकवर्म' आला. हिशेबनीसाच्या घरी पुस्तकी किडा, म्हटलं शकुन चांगला आहे. पण बसवून झाल्यावर समोर जे आलं त्याने हात गार पडले. काळा पडदा, एक ओळ, लुकलुकणारी रेघ. चित्र नाही, बटण नाही, माउस हलवला तर काही हलत नाही. सर्व्हरला दर्शनी भाग लागतच नाही, तो मुद्दाम वगळलाय, असं भाचा म्हणाला. नाव टाकलं. पासवर्ड टाकायला लागले तर अक्षरं उमटेनात, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला म्हणून दुसरा आणून जोडला. तोही तसाच. फोन केला तेव्हा कळलं, पासवर्ड दाखवायचाच नाही, तो किती अक्षरी आहे तेही मागे उभ्या माणसाला कळू द्यायचं नाही, अशी जुनी रीत आहे. रीत चांगली आहे. फक्त ती आधी सांगायची असते.

मग झाकण. लॅपटॉप टेबलाखाली ठेवावा म्हणून झाकण मिटलं की तो झोपायचा आणि घरातली वही त्याच्याबरोबर झोपायची. एका सेटिंगच्या फाइलमध्ये 'झाकण मिटलं तर दुर्लक्ष कर' अशा अर्थाची ओळ लिहावी लागली. पुढे सगळा कारभार मी माझ्या खोलीतल्या संगणकावरून करू लागले; तिथून एका आज्ञेने त्या मिटलेल्या लॅपटॉपच्या आत शिरता येतं. पहिल्यांदा शिरले तेव्हा दोनदा उठून टेबलाखाली बघून आले, खरंच त्याच यंत्राशी बोलतेय का म्हणून.

डॉकरचं मला जेवढं समजलं ते असं. ॲपला चालायला जे जे लागतं ते सगळं त्याच्यासकट एका बंद खोक्यात भरून मिळतं. खोकं उतरवायचं, चालू करायचं. जुनं झालं की फेकून नवं आणायचं. आपली वही मात्र खोक्याबाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवायची, नाहीतर खोक्याबरोबर तीही जाईल. ही शेवटची गोष्ट भाच्याने सहज बोलता बोलता सांगितली, आणि माझ्या लेखी सगळ्या प्रकरणातली तीच सर्वांत महत्त्वाची होती. खोकं कसं उघडायचं, वही कुठे, दार क्रमांक कोणता, हे आठ-दहा ओळींच्या एका फाइलीत लिहायचं असतं. त्या ओळींच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. टॅबचं बटण दाबून जागा सोडलीत तर फाइल नापास. स्पेसबारने तेवढीच सोडलीत तर पास. दिसायला दोन्ही सारखंच. लेखापरीक्षकांची तऱ्हा मी पाहिलेली आहे, पण अदृश्य चूक काढणारा हा पहिलाच.

शेवटी आज्ञा दिली, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली, 'स्टार्टेड' असं वाचलं. माझ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा घरगुती पत्ता टाकला, १९२.१६८ ने सुरू होणारा, पुढे दार क्रमांक ५००६. ॲप उघडलं आणि म्हणालं, गंभीर चूक: 'शेअर्ड ॲरे बफर' उपलब्ध नाही.

मी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं. शेअर म्हणजे आमच्याकडे सभासदाचा भाग. ॲरे, बफर काही कळेना. यामागची खरी गोष्ट पुढे समजली ती अशी: हे ॲप हिशेबाची सगळी वही ब्राउझरच्या आत उघडतं आणि त्यासाठी ब्राउझरकडून स्मृतीची एक खास सामाईक जागा मागतं. जानेवारी २०१८ मध्ये संगणकांच्या चिपमधला 'स्पेक्टर' नावाचा दोष जाहीर झाला. त्या सामाईक जागेच्या मदतीने एक पान दुसऱ्याचं गुपित चोरू शकेल, अशी भीती निघाली. ब्राउझरवाल्यांनी ती जागाच बंद केली, आणि पुन्हा दिली ती कडक अटी घालून. त्यातली एक अट कुलुपाच्या पत्त्याची, म्हणजे एचटीटीपीएसची. ॲप ज्या यंत्रात आहे त्याच यंत्रावर उघडलं तर कुलूप माफ; शेजारच्या खोलीतून उघडलं तर नाही. म्हणजे कुठल्या तरी देशात कुणाला चिपमध्ये भोक सापडलं आणि त्यापायी माझं दूधबिल अडलं. मला याचा राग आला नाही. उलट पहिल्यांदाच वाटलं, या काळ्या पडद्यामागे कारणं आहेत, नुसता लहरीपणा नाही.

कुलूप हवं तर प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्राला इंटरनेटवरचं नाव हवं. शिवाय ह्यांना मंडईतून घरच्या वहीपर्यंत पोचायचं होतं. त्यासाठी राउटरमध्ये बाहेरून आत येणारं दार उघडायचं असतं. तेही उघडलं. बाहेरून काही येईना. राउटरच्या पानावर आमचा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत होता. भाच्याने ते ऐकलं आणि सुस्कारा सोडला. आयपी पत्ते जुन्या पद्धतीत चारशेएकोणतीस कोटींच्या आसपासच आहेत आणि जगाला ते केव्हाच अपुरे पडले आहेत. त्यामुळे इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात आणि आतल्या वाटपासाठी १००.६४ पासूनचा एक गट २०१२ साली राखून ठेवला गेला आहे. मोठ्या वाड्याला एकच पत्रपेटी असावी तसं. आतून टाकलेल्या पत्राचं उत्तर येतं, कारण वाड्याच्या मालकाला आठवतं ते कुणी टाकलं होतं. पण बाहेरच्याने आपणहून पाठवलेलं पत्र कोणत्या बिऱ्हाडाचं, हे त्याला कळत नाही. मी माझ्या बिऱ्हाडाचं दार उघडं टाकून वाट बघत बसले होते.

यावर तोडगा निघाला टेलस्केलचा. दोन्ही फोन, माझा संगणक आणि लॅपटॉप यांच्यात तो एक खासगी बोगदा काढतो. प्रत्येक यंत्र आतून बाहेर बोलावतं, त्यामुळे पत्रपेटीचा प्रश्न येत नाही, आणि घरच्यांखेरीज कुणाला आत वाटच नसते. कुलुपाचं प्रमाणपत्रही तोच मिळवून देतो, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, विनामूल्य. एक गंमत म्हणजे हाही आपल्या यंत्रांना १०० नेच सुरू होणारे पत्ते वाटतो. ते पाहून मला वाटलं परत जुनंच दुखणं उपटलं, आणि चालू असलेली गोष्ट मी बंद करणार होते.

दोन गोष्टी मात्र मनात अडकल्या. टेलस्केलच्या खात्यात शिरायला आधी गूगलसारख्या कुणाचं तरी खातं लागतं. सगळ्यांपासून वही सोडवायला निघालेल्या बाईला गूगलचंच ओळखपत्र दाखवून आत जावं लागलं. बोगद्यातून जाणारा मजकूर त्यांना वाचता येत नाही, किल्ल्या आपल्याच यंत्रांवर राहतात, हे भाच्याने समजावलं आणि मी मान्य केलं. दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद जाहीर वहीत होते, कुणीही बघावी अशा. म्हणजे यंत्राचं नावही जाहीर. तशी सूचना टेलस्केल आधीच देतो. मी ती वाचली, कारण दप्तरी सूचना वाचायची सवय. यंत्राला आडनाव द्यायचा विचार होता, तो सोडला आणि 'कीर्द' नाव दिलं. जगात कुणी पाहिलंच तर कुठल्याशा घरात एक कीर्द आहे, एवढंच समजेल.

आणि मग ते उघडलं. फोनवर, मंडईत, भेंडीच्या ढिगासमोर. ह्यांनी तिथूनच मला फोन केला, "अगं, भेंडी लिहिली." मी घरात पडद्यावर बघत होते, भेंडी आली.

त्याहून मोठं आश्चर्य पुढच्या आठवड्यात. रात्री वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली, सकाळी तो बंद. मला वाटलं आज नोंदी होणार नाहीत. ह्यांनी तरी पेट्रोल नोंदवलं आणि फोनने ते घेतलं. दुपारी लॅपटॉप चालू केल्यावर ती नोंद गुपचूप माझ्या संगणकावरही दिसली. म्हणजे वही सर्व्हरमध्ये आहे ही माझी समजूतच अर्धी होती. प्रत्येक यंत्रात अख्खी वही आहे, आणि सर्व्हर फक्त त्यांचा एकमेकांशी मेळ घालतो. हे आधी कळलं असतं तर झाकण मिटताना इतकी धास्तावले नसते.

आता ॲपविषयी माझी व्यावसायिक नापसंती नोंदवते. यात जमा-नावे नाही. एकेरी नोंद, वर पाकिटं. हातात जेवढे पैसे आले तेवढेच पाकिटांत वाटायचे: किराणा, औषधं, विमा, नातवाचा वाढदिवस. न आलेले पैसे वाटता येत नाहीत. ताळेबंद काढणाऱ्या माणसाला हे बालवाडीचं वाटतं. नेदरलँड्समधल्या जेम्स कोलने बनवलेलं 'फायरफ्लाय थ्री' दुहेरी नोंदीचं आहे, पण त्याला वेगळा डेटाबेस लागतो, आयात करायला वेगळा प्रोग्रॅम लागतो, आणि माझी हिंमत तेवढी नव्हती. पण दोन महिने पाकिटं भरल्यावर कबूल करायला हवं, की विम्याचा हप्ता पहिल्यांदा आमच्याकडे ठेव न मोडता भरला गेला. ह्यांचं निवृत्तिवेतन महिनाअखेरीला आलं तर ते पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवायची सोयही त्यात आहे. आणि आकडे आपल्यासारखे लिहिता येतात, १,२५,००० असे. एक लाख पंचवीस हजार वाचायला तीन-तीन आकड्यांचे घास मोजावे लागत नाहीत.

आणि त्यात ताळा आहे. खात्यावर कुलुपाचं बटण दाबायचं, बँकेची शिल्लक टाकायची. ॲप फरक सांगतं. फरक शून्य झाला की तोवरच्या नोंदींना कुलूप. बँक मेळ पत्रक! ते बटण सापडलं त्या दिवशी मी नोकरीवर परत रुजू झाल्यासारखी बसले.

इथवर सगळं सर्व्हरचं. माझी खरी फजिती इथून पुढे झाली, आणि त्यात काळा पडदा कुठेच नव्हता. बँकेचे व्यवहार ॲपमध्ये आपोआप कसे येणार?

ॲपला बँकेशी जोडायची सोय आहे. युरोपातल्या बँकांसाठी गोकार्डलेस, अमेरिकेतल्यांसाठी सिंपलफिन. आपल्याकडच्या बँकांसाठी तसं काही नाही. "पण आपल्याकडे याहून चांगली व्यवस्था आहे," असं भाचा म्हणाला, आणि ते खरं आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली अकाउंट ॲग्रीगेटर नावाच्या संस्थांसाठी निर्देश काढले आणि सप्टेंबर २०२१ पासून ही व्यवस्था प्रत्यक्ष चालू झाली. माझ्या सगळ्या बँकांतली माहिती, माझ्या संमतीने, ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक कामासाठी, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. मधल्या ॲग्रीगेटरला ती वाचताही येत नाही, कुलूपबंद जाते. वाचून मी थक्क झाले. इतकी नीट मांडणी मी सरकारी परिपत्रकात क्वचित पाहिली आहे. फक्त माहिती घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक किंवा पेन्शन नियामक यांच्यापैकी कुणाच्या तरी देखरेखीखालची हवी. टेबलाखालचा लॅपटॉप कुणाच्याच देखरेखीखाली नाही. माझी माहिती मला कर्ज देऊ पाहणाऱ्याकडे जाऊ शकते, विमा विकणाऱ्याकडे जाऊ शकते. माझ्या वहीत येऊ शकत नाही.

तेव्हा खातेउतारा डाउनलोड करणं आलं. आमची दोन बँकांत खाती आहेत. पहिली बँक एक्सेल देते म्हणते; देते ती एक्सेलचं नाव लावलेली साधी मजकुराची फाइल. सुरुवातीला वीसेक ओळी पत्ता, शाखा, नामनिर्देशन, शेवटी एकूण बेरजा, मधे व्यवहार. ॲपला वरच्या ओळी सोडायला सांगता येतं. तारीख दिवस आधी की महिना आधी हेही सांगावं लागतं, नाहीतर ५ एप्रिलचा किराणा ४ मे रोजी होतो. आणि फाइल एक्सेलमध्ये उघडून बघायची नाही! उघडली तर यूपीआयचे बारा आकडी संदर्भ क्रमांक ४.१२ई+११ असे होऊन बसतात, सगळे सारखे, आणि मग कुठला व्यवहार कुठला हे ओळखायचा एकमेव धागा तुटतो.

दुसरी बँक फक्त पीडीएफ देते, तीही पासवर्डाची. "मावशी, पीडीएफचं एक्सेल करून देणाऱ्या साइट्स आहेत, चढव आणि उतरव," असं भाच्याने सुचवलं.

"अरे, म्हणजे एवढा सगळा खटाटोप करून शेवटी अख्खा उतारा कुणा अनोळखी माणसाच्या साइटवर नेऊन ठेवू?"

तो गप्प बसला. मग त्यानेच घरच्या यंत्रावर चालणारे दोन प्रोग्रॅम दिले. क्यूपीडीएफ पासवर्ड काढतो, टॅब्युला पानावरचा तक्ता उचलून रकाने करतो. चालतं, पण तपशील दोन ओळींत गेला असेल तर टॅब्युला त्याचे दोन व्यवहार करतो, आणि दुसऱ्याला रक्कम नसते. ते हाताने जोडते.

तपशील हा तर स्वतंत्र विषय. यूपीआय २०१६ साली आलं आणि आपला चहासुद्धा बँकेच्या उताऱ्यात गेला. पण उताऱ्यात चहा असं लिहिलेलं नसतं. ज्याच्या नावावर क्यूआर आहे त्याचं नाव असतं. आमच्या भाजीवाल्या मावशींचा क्यूआर त्यांच्या जावयाच्या नावावर. दूधवाल्याचा थोरल्या भावाच्या. शेवटी मी ॲपमध्ये नियम लिहिले: अमुक नाव आलं की भाजी, तमुक आलं की दूध. नियम लिहिता लिहिता कराडच्या अर्ध्या बाजाराची नातीगोती मला कळली.

आणि यूपीआय लाइट. सप्टेंबर २०२२ पासून ही सोय आहे, छोट्या रकमा पिनशिवाय जातात, ह्यांना ती फार प्रिय. पण त्यातले व्यवहार बँकेच्या उताऱ्यात एकेक करून येतच नाहीत. लाइटमध्ये पैसे भरले एवढीच नोंद येते. पुढे ते वडापावला गेले की फुलांना, ते फक्त फोनमधल्या ॲपला माहीत. बँकेवरचा भार कमी व्हावा म्हणून ही योजना, ते बरोबरच आहे. माझ्या वहीला मात्र तिथे भोक पडलं. मी 'लाइट' नावाचं वेगळं खातं काढलं, रोकडीसारखं. भरणा म्हणजे बदली, खर्च नाही. दर रविवारी ह्यांचा फोन घेऊन त्याची शिल्लक विचारायची आणि ताळा घालायचा. फरक निघतोच. हे म्हणतात, "अगं, इतर खर्चात टाक ना." पतसंस्थेत 'इतर' या सदराने किती माणसं तुरुंगापर्यंत नेली आहेत, हे ह्यांना शिक्षक असल्यामुळे माहीत नाही.

वहीची प्रत दर महिन्याला झिप फाइलमध्ये काढून पेन ड्राइव्हवर घेते आणि तो पेन ड्राइव्ह ठेवींच्या पावत्यांसोबत कपाटात ठेवते. नवी आवृत्ती आली की आधी प्रत, मग खोकं बदलायचं. ॲपमध्ये वहीला वेगळा पासवर्ड लावून ती सर्व्हरलाही वाचता येणार नाही अशी करता येते. तो पासवर्ड हरवला तर कुणालाच उघडता येत नाही, असं लिहिलेलं वाचलं आणि तो लावला नाही. आमच्या वयात चोरापेक्षा विसरण्याची धास्ती जास्त.

परवा त्या पीडीएफवाल्या बँकेच्या शाखेत गेले होते. खिडकीमागची मुलगी नवी, हसतमुख. विचारलं, उतारा एक्सेलमध्ये किंवा सीएसव्हीमध्ये मिळेल का?

"काकू, कर्जासाठी हवाय का? मग उतारा आणायचीच गरज नाही. मोबाइलवर संमती द्या, सगळ्या बँकांचे उतारे आमच्याकडे लगेच येतात. कागदच लागत नाही आता."

"कर्ज नको. घरचा हिशेब लिहायचाय."

तिने जरा विचार केला, शेजारच्या खिडकीत विचारून आली.

"मग पीडीएफच, काकू. नाहीतर पासबुक द्या, भरून देते."

मी पासबुक दिलं.